जाडं की बारीक

डॉक्टर निकुंभ गेले, त्याला सव्वा महिना झाल्यावर
त्यांच्या मुलीने दवाखान्याच्या ओट्यावर टेबल मांडलं
आणि ज्याची त्याची कार्डं परत दिली.
बुटांची खोकी होती, गावाप्रमाणे लावलेली :
बेटावद, पढावद, मुडावद.

माझ्या कार्डाच्या कडा उंदराने चाखलेल्या.
द्वारकाबाई हिलाल बोरसे, आणि वर लाल शाईत : गिरणी.
पहिली नोंद एकोणनव्वदची.
*खोकला. पीठ. फडकं बांध म्हटलं. बांधणार नाही.*

गोड बोलायचे नाहीत ते.
"ये व माय, बठ. काय दुखी ऱ्हायनं?"
"सर्वंच" म्हटलं की म्हणायचे,
"सर्वासनी एक गोळी नई ऱ्हास. एक सांग."
आणि ते एकच निवडता निवडता
अर्धं दुखणं बाकावरच सुटायचं.

पुढे मुंगीच्या अक्षरात एकाखाली एक :
*हात पट्ट्यात. दोन बोटं. रडली नाही.*
*सुई मागते. दिली. पाण्याची.*
म्हणजे पाण्याची होती!
आणि मी आठ दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते,
सुई लागू पडावी तर निकुंभांचीच.

*झोप नाही. कारण घरात. विचारू नये.*
त्या दिवशी त्यांनी खरंच काही विचारलं नाही.
भटू कंपाउंडरला चहा सांगितला,
मला आतल्या खाटेवर बसवून ठेवलं दुपार कलेपर्यंत.
बाहेर बाया नंबरावरून भांडत होत्या,
सुरत पॅसेंजर येऊन गेली,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाळाकडे बघत होते.

"हिलालकाकांचं पण आहे," मुलगी म्हणाली,
आणि उगाच चष्मा पुसू लागली.
"भटूकडून पाठवू नको, हातात दे, असं म्हणाले होते."

मेलेल्या माणसाचं कार्ड, वीस वर्षं
जित्या माणसांच्या रांगेत लावलेलं.
शेवटची नोंद रात्री साडेनऊची.
*छातीत जळजळ. भरीत खाल्लं म्हणतो.*
*पोटाची गोळी. घरी पाठवला.*
आणि त्याखाली, दुसऱ्या दिवसाची तारीख, दुसरा पेन :
*डावा हात चोळत होता. मी पाहिलं होतं. चूक माझी.*

त्यानंतर गावात कुणाला ढेकर जरी आला
तरी डॉक्टर म्हणायचे, चाल धुळ्याला, छातीची पट्टी काढ.
गाव हसायचं. डॉक्टर भ्याला म्हणायचं.
धुळ्याहून कमिशन येतं, असंही कुणी म्हणायचं.
कुणी म्हणजे, मीही.
गिरणीत, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून.
दौलत शिंप्याला असंच शिव्या देत देत धुळ्याला नेलं होतं,
तो अजून काजं करतो.

आणि नवी चक्की त्यांच्या घराला लागून होती,
तरी निकुंभांचा डबा अख्खं गाव ओलांडून माझ्याकडे.
मला वाटायचं, माझं पीठ मऊ.

मी काही बोलले नाही.
मुलीच्याही तोंडात काहीतरी होतं, ते तिथेच राहिलं.
दोन्ही कार्डं पदराखाली धरून घरी आले,
चूल उशिरा पेटवली.

सकाळी भटू डबा घेऊन आला,
निकुंभांकडचा, कळण्याचा,
ज्वारी, उडीद, वर मिठाचे खडे.
रांगेत आधीचे सात डबे होते.
मी तो पुढे घेतला नाही, मागेही सारला नाही.
त्याची पाळी आली तेव्हा
खुंटीवरचं फडकं काढून तोंडाला बांधलं,
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि भटूला विचारलं,
जाडं की बारीक.