काज

नारीनला मार्चातही नदीच्या काठाने बर्फ असतो.
पाच दिवसांचं प्रशिक्षण, पत्रात लिहिलं होतं,
दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्र.
सव्वीस वर्षं मी लेथ शिकवतोय,
मला आता कोण काय शिकवणार, म्हणत
बूट झटकले आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.
माझ्या वर्गात तिथे कोण बसतं, ते मला माहीत आहे.

बिश्केकहून आलेली बाई अगदी पोरसवदा. मेरिम.
भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवून तिने विचारलं,
तुमच्या अपेक्षा काय?
हीटर लावा, म्हणाला नळकामाचा सादिर.
सगळे हसले.
तिने ते चिठ्ठीवर लिहिलं, डकवलं,
आणि खरंच जाऊन हीटर लावून आली.
तिथे मी जरा सैल झालो. दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, आज आपापलं काम विसरा.
शेजाऱ्याचं शिका.
माझ्या शेजारी शिवणाच्या बुरुलकान एजे,
निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या.
त्यांनी कापडाचा तुकडा पुढे सरकवला :
एक काज. हाताने. एवढंच.

शतांश मिलिमीटर चुकला की
अख्खा दांडा भंगारात फेकणारा मी,
आणि सुईत दोरा जाईना.
गेला तर गाठ सुटेना.
टाके पडले ते असे, की
कोल्हा शिरल्यावर मेंढ्या पांगाव्यात.
हीटर लांब होता तरी मानेवर घाम.
आणि कानात आवाज :
डोळे कुठे आहेत तुझे? तिसऱ्यांदा सांगतोय!
मान वर केली तर कुणीच बोललं नव्हतं.
आवाज माझाच होता.

एजेंनी सुई माझ्या हातातून घेतली नाही.
मी घेतली असती.
मी नेहमी घेतो :
हो बाजूला, बघ,
असं म्हणून चाक स्वतः फिरवतो
आणि पोरगा बघतो
माझी पाठ.

हा टाका कसा वाटतो तुम्हाला? त्यांनी विचारलं.
वाकडा.
कुठून वाकडा झाला?
मी बघितलं. बराच वेळ बघितलं.
इथून.
मग इथपर्यंत उसवा, म्हणाल्या,
आणि चहा ओतायला उठल्या.

बाएल नावाचा मुलगा होता.
तिसरं टूल मोडलं तेव्हा मी म्हणालो,
तुझा हात काही बसायचा नाही.
भांडला नाही. टोपी घेतली आणि गेला.
नोवोसिबिर्स्कला गोदामात खोकी रचतो म्हणे.
कुठून वाकडं झालं,
हे मी त्याला विचारलं नव्हतं.
दोरा ओढताना हे आठवायचं काही कारण नव्हतं.

शेवटच्या दिवशी फोटो, फॉर्म.
काय शिकलात? या ओळीवर मी लिहिलं : काज.
मेरिमला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

सोमवारी कार्यशाळा, तेच जुनं यंत्र,
तोच तेलाचा वास.
अक्मारालच्या दांड्यावर लाटा उठल्या होत्या.
तिने यंत्र थांबवलं आणि आपणहून बाजूला झाली,
माझ्या पाठीला जागा करून.
माझा हात निघालाच होता.
मी तो कोटाच्या खिशात घातला.
तिथे तो तुकडा होता,
एकही बटण जाणार नाही असं काज पडलेला.

कसं वाटतंय तुला? मी विचारलं.
ती घाबरली.
ओरडण्याआधी मी असंच काहीतरी बोलत असणार.
मग दांड्याकडे बघितलं तिने,
माझ्याकडे, पुन्हा दांड्याकडे.
बोट फिरवलं त्यावरून.
टूल जास्त बाहेर आलंय का?

मी काहीच बोललो नाही.
तिने पाना उचलला.
खिशातल्या हाताला सगळं येत होतं,
तो नुसता वळवळत होता.