काडीचा शिपाई

डोकं म्हणजे एक गोळा. बाकी अकरा काड्या.
लाल ठिपका ओढला की कोपर वाकतं,
केशरी धरला तर अख्खा माणूस अधांतरी.
धरणगावात, झेरॉक्स मशीनला पाठ लावून
मी सैन्य भरती करतोय.
झेरॉक्स दोन रुपये, भरती फुकट.

धनुष्य काही जमेना.
अर्धं वर्तुळ मिळत नाही, म्हणून सात तुकडे जोडले,
सांध्याला सांधा.
तरी ते पऱ्हाटीच्या काटकीसारखं कडक.
तापीपलीकडून गुमान मालचे आला होता,
जातीच्या दाखल्याच्या तीन प्रती काढायला.
म्हणाला, नुसती दोरी नको ओढू, बांबू वाकू दे.
स्टुलावर बसल्या बसल्या
रिकामा हात त्यानं कानापर्यंत नेला
आणि तिथंच ठेवला.
"याना दम कोठे शे?"
मग छातीची काडी एका चौकटीपुरती
दोन पिक्सेल लांब केली.

आता पलटणवाला.
दोनशे वर्षांमागं याच गावात
गोऱ्या साहेबांनी भिल्लांवर घालायला
भिल्लांचीच पलटण उभारली, एवढं शाळेत कळलं नव्हतं,
मागाहून कळलं.
टोपी, कमरेला पट्टा, बंदूक.
बंदुकीची काडी जाड ठेवली.
माणूस नवा कशाला करा?
धनुष्यवाल्याचीच नक्कल मारली,
धनुष्य खोडलं, टोपी चढवली,
दुसऱ्या नावानं साठवला.

चाल बदलायची राहून गेली.
सुरू केलं तर दोघंही
टाच न टेकवता, चवड्यांवर,
उतारावरून यावं तसे आले
समोरासमोर.

गुमान स्टूल ओढून पुढं सरकला.
"हाऊ कोन?"
बंडवाला.
"आनि हाऊ?"
सरकारी.
"मंग दोन्हीस्ना गुडघा एकज कसा रे भाऊ?"

दुरुस्त करतो म्हणालो.
कवायत घालतो याला, पाय ताठ करतो.
पण माउस हातात घेऊन नुसताच बसलो.
सेकंदाला बारा चौकटी. सदतिसाव्या चौकटीत
बंदुकीच्या तोंडाशी पिवळी चांदणी काढून ठेवलेली.
छत्तिसाव्यात काहीच नाही.
दोन गोळे, बावीस काड्या,
मधे पांढरं रान.

तेवढ्यात लाईट गेली.
यूपीएस किरकिरायला लागला.
पडदा विचारत होता, बदल साठवायचे का,
आणि मागं मशीनच्या तोंडात
दाखल्याची तिसरी प्रत
अर्धी आत, अर्धी बाहेर.
गुमान म्हणाला, ओढू नको. फाटेल.