कोअर की बफर

सोहारमध्ये साडेआठ झाले की तिकडे दहा वाजतात,
आणि दहाला बुकिंगची खिडकी उघडते.
मी आज शुक्रवार असून अंघोळ करून बसलेय,
तीन पासपोर्ट मांडीवर,
सत्यनारायणाला बसावं तशी.

प्रफुल्ल स्मेल्टरची रात्रपाळी करून आलाय.
बूट न काढता सोफ्यावर आडवा, डोळे मिटून विचारतो :
कोअर की बफर?
कोअर महाग. बफरमध्येही दिसतो म्हणतात.
कंपनीचं तिकीट दोन वर्षांतून एकदा,
म्हणजे एकाच फेरीत सासर, दात, बँक, वाघ.

खालचा घरमालक खल्फान परवा हसत होता :
पैसे भरून जनावर बघायला जायचं
आणि ते आलंच नाही तर?
त्याच्या आजोबांनी डोंगरात लांडगे हाकलले,
काठीनं, फुकटात.

वल्लरी नऊ वर्षांची. तिनं आजवर पाहिलेत
हायवेवरचे उंट, बाभळीवर चढलेल्या शेळ्या
आणि कचऱ्याच्या डब्यामागच्या मांजरी.
वहीत तिनं आखून ठेवलंय : दुर्बीण, टोपी, खाकरे, वाघ.
विचारते, तो किती वाजता येतो?

शालिकमामा गेटवर गाइड आहे.
त्याचा आवाज फोनमध्ये येऊन पडलाय रात्रीच :
"बाई, मिरगाच्या आत ये. पानी आटते, मंग तो जाईल कुठी?
मातकट कपडे आन. सेंट लावू नोको.
आन त्या बांबूच्या नाल्याकडं मी जिप्सी नेत नाही.
बाकी कोनालेबी नेतो.
तुले नाही."

प्रफुल्लला ठाऊक आहे, मावशी तापानं गेली.

मी अकरा वर्षांची होते. तेंदूपत्त्याचे दिवस.
पुडके तसेच्या तसे सापडले, शंभर पानांचे,
गाठी पक्क्या.
इंदुमावशीची गाठ कधी सुटायची नाही.
मग साहेब आले, टेप घेऊन पावलं मोजली,
आणि काही महिन्यांनी चेक आला आईच्या नावानं,
मावशीला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.
त्याच पैशांतून माझी नागपूरची फी, होस्टेल, मायक्रोस्कोपचं डिपॉझिट.
मग मस्कतची मुलाखत. मग हे शहर,
जिथे मी रोज इतरांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते.

लोक म्हणतात, तुला गल्फमध्ये कोणी लावलं?
मी एजंटचं नाव सांगते.

साडेआठ.
गेट. तारीख. सकाळ की दुपार.
सहा जागा. चार. बोट थरथरतंय, उंदीर सटकतो.
नागरिकत्व विचारतात, वय विचारतात,
आधी कधी जंगलात आला होता का, ते नाही विचारत.
मी बफर निवडते. प्रफुल्लला वाटतं, पैशांसाठी.

ओटीपी भारतातल्याच नंबरवर जातो,
म्हणून मामाच्या फोनवर. मी त्याला लावते.
चष्मा शोधतो. सापडत नाही. मग सापडतो.
पडद्यावर उलटे आकडे पडतायत, बावन्न, एक्कावन्न.
"हं, लिव. सात. शून्य. शून्य. चार..."
आणि थांबतो.

"मामा?"
"थांब बे, चितळ वरडते."

तीस. एकोणतीस.
त्याच्या दारामागच्या झुडपातून, समुद्रावरून,
बारीक काहीतरी आलं,
शिट्टीच्या टोकासारखं, तुटक. पुन्हा.
माझ्या मानेवरचे केस अकरा वर्षांचे झाले.
वल्लरी वही छातीशी धरून माझ्याकडे बघत होती.

एसी बंद कर, मी प्रफुल्लला म्हटलं.
अगं, पण दोन आकडे...
एसी बंद कर आधी.