दुपारचा एकच खेळ

रुवीत तो एकच आठवडा लागला होता,
शुक्रवारी दुपारी, एकच खेळ.
पडद्यासमोर आम्ही अकरा जण,
त्यातले दोघं चुकून शिरलेले
आणि एक कुरियन,
ज्याला मराठी येत नाही
पण एसी कळतो.

पेपरात आधीच लिहून आलं होतं :
पटकथा लंगडी, विनोद शिळे,
तीन मित्र मिळून एक मूल वाढवतात,
हे पटत नाही.

'पटत नाही' एवढे शब्द मी
तिकिटाबरोबर घडी करून खिशात ठेवले.

सिनेमात बाळ टोपलीत सापडतं.
पहिला लंगोट उलटा, दुसरा पंख्यावर,
पावडरचा ढग, त्यातून खोकत तिघं बाहेर.
मागून कोणीतरी म्हणालं, चल, शवर्मा खाऊ.
कुरियन घोरायला लागला.

आमचं बाळ टोपलीतून आलं नव्हतं.
वैजयंतीची रात्रपाळी,
नवरा एका पहाटे कर्ज मागे ठेवून
सीमेपलीकडे गेलेला, फोन बंद.
ती समोरच्या दारातून आमच्या दारात आली,
एका हातात बाटली, एका हातात रेवा.
म्हणाली, आजच्या रात्रीपुरतं.

ती रात्र सहा वर्षं चालली.

पहाटेचं दूध परकारकडे,
नमाजाला तो उठायचाच.
संध्याकाळी कुरियन,
हाताला ग्रीसचा वास, खांद्यावर ती,
गच्चीवर नेऊन तिला उघडे तपकिरी डोंगर दाखवायचा
जणू त्यानेच आणून ठेवलेत.
मी हिशेबनीस. माझ्याकडे वही :
दूध किती, ताप किती, दात कितवा.

पहिला शब्द ती बोलली, 'वेळ्ळं'.
पाणी. कुरियनच्या भाषेतलं.
वैजयंती हसली, मग न्हाणीघरात गेली,
बराच वेळ नळ चालू होता.
'पाणी' म्हणायला रेवाला आणखी चार महिने लागले.
ते मी शिकवलं.
म्हणजे, मी तसं सांगतो.

सिनेमात शेवटी कोर्ट.
नायक उभा राहून बापपणावर
सात मिनिटं बोलतो, मागे व्हायोलिनं.
न्यायाधीशबाई चष्मा काढून पुसतात.

आमच्याकडे दवाखान्याची खिडकी होती.
जिन्यावरून पडलेली रेवा, हनुवटीला तीन टाके,
परकारच्या सदऱ्यावर तिचं रक्त.
कारकुनाने फॉर्म सरकवला. मुलीशी नातं?
कुरियनने माझ्याकडे पाहिलं,
मी गळणाऱ्या एसीकडे.
परकारने पेन घेतलं, अरबीत लिहिलं,
जार. शेजारी.
जीम, अलिफ, रे.
एकेकाला एक अक्षर.
कारकुनाने शिक्का मारला, पुढचा नंबर पुकारला.

विमानतळावरची मिठी सिनेमात आहे.
आमची रेवा ट्रॉलीवर बसायला मिळालं
म्हणून इतकी खूश होती
की अकोल्याला जाताना मागे वळलीच नाही.
पाळणा सात रियालला विकला.
वहीत ती शेवटची नोंद, जमेच्या बाजूला.
ती बाजू चुकली असावी.

परकार दाभोळला गेला, तिथेच संपला.
रेवा आता कुठेतरी पूल बांधते,
ईदला, ख्रिसमसला, दिवाळीला
एकच निरोप तिघांच्या गटात टाकते.
परकारचा नंबर तिने अजून काढलेला नाही.

पडद्यावर बाळ रडलं.
खरंच रडलं असावं, शूटिंग थांबलं नसेल,
कारण त्या अख्ख्या सिनेमात
तेवढाच आवाज खोटा नव्हता.
शेजारी कुरियन, डोळे मिटलेले, तोंड उघडं,
खुर्चीचा हात थोपटू लागला.
हळू. मग आणखी हळू.
बाळ थांबेपर्यंत.

दिवे लागले. नावं वर सरकत होती,
कोणी वाचत नव्हतं. मी वाचली.
बाळाच्या भूमिकेत जुळे होते,
एक दमला की दुसरा.

बाहेर बेचाळीस अंश, रस्ता पांढरा.
कसा होता? कुरियनने विचारलं.
वाईट, मी म्हणालो.
आणि मूल?
मूल बरं होतं. दोन होती.
दोन? तो म्हणाला, आणि चपलेत अडकलेला
पॉपकॉर्न काढता काढता
तिथेच फुटपाथवर बसून
हसत राहिला.