प्लग

किदफ्याच्या प्लांटमध्ये समुद्राचं पाणी पिण्याजोगं होतं.
माझं काम त्याहून बारीक : मोजणाऱ्यांना मोजणं.
गेज काढायचं, बाकावर ठेवायचं,
दुसऱ्या, जरा महागड्या गेजशी ताडून पाहायचं,
हिरवा स्टिकर, तारीख, सही – वि. पागदरे.
एकवीस वर्षांत एवढंच शिकलो
की खरं सांगणारा काटा नसतो,
दुसऱ्या काट्याशी पटणारा काटा असतो.

देवाला मी अठराव्या वर्षीच बाकावर घेतलं होतं.
ताडायला दुसरं काही मिळेना.
स्टिकर न लावता होता तिथं ठेवून दिला.
फेकला नाही. अण्णांनी फेकू दिला नसता.

अण्णा देवरुखला एकटे.
मागल्या मे महिन्यात कॅमेरा बसवून आलो,
देवघराच्या बरोब्बर वर. खिळा आधीपासून होता,
आणि दिवसातून दोनदा ते तिथं येणार
याची खात्री मला होती, त्यांच्या देवापेक्षा जास्त.
आवाजवाला महाग होता, बिनआवाजाचा घेतला.

पहाटे साडेचार. तिकडे सहा.
कंट्रोल रूममध्ये सहा पडदे, सातवा माझ्या तळहातात.
अण्णा तांब्या ठेवतात, वर बघून हात जोडतात
आणि तो नमस्कार थेट माझ्याकडे येतो.
मी नजर बाजूला घेतो. मग परत बघतो.
पूजा नाही बघत.
खांदे वरखाली होतायत ना, तेवढंच.

नवरात्रात पाचव्या माळेला पडदा काळा झाला.
डिव्हाइस ऑफलाइन.
खालून बोटानं ओढलं. गोल फिरलं. ऑफलाइन.
परत ओढलं.
अण्णांचा फोन वाजत राहिला, शेजारी सरफऱ्यांचा बंद.
परत.
बसचा ड्रायव्हर नियाज मीर चहा घेऊन आला,
दिरचा माणूस, कमी बोलतो.
बराच वेळ माझा अंगठा बघत उभा होता.
म्हणाला, दुआ करू?
म्हटलं, नको. नेट असेल तर दे तुझं.
त्यानं फोन पुढे केला.
दोन्ही दिलं असणार त्यानं, ओठ हलत होते.

कुणी म्हणेल, बघा, मोबाईल हाच याचा देव.
असले फॉरवर्ड मलाही येतात, सुप्रभातच्या फुलांसकट.
नाही पटत. मोबाईल बंद पडला की
बंद पडलाय हे मला कळतं.
फरक एवढाच आहे, आणि मला तो मोठा वाटतो.
तरी त्या पन्नास मिनिटांत
समोर भिंतभर काटे हिरव्या पट्ट्यात स्थिर होते,
एकूण एक माझ्या सहीचे,
आणि त्यातला एकही
मला हवं ते मोजत नव्हता.

मग अण्णांचाच फोन.
अरे, देवीला माळ लावली, लुकलुकणारी.
तिथं प्लग एकच आहे.
तुझं ते काढलं.

तुझं ते.
मी ओरडलो. नको तेवढा ओरडलो.
ते म्हणाले, चहा घे, रात्रभर जागतोस.
नियाज मीर हसला आणि बस काढायला गेला.
मी एक्स्टेंशन बोर्ड मागवला, चार खाचांचा,
किदफ्यातून देवरुखला तिसऱ्या दिवशी पोचला.
विश्वास ठेवायचा तर अशा गोष्टींवर ठेवावा,
असं मनात आलं आणि लगेच शरम वाटली, का ते माहीत नाही.

अष्टमीच्या पहाटे चित्र आलं.
अण्णांच्या चष्म्यात माळेचे लाल-हिरवे ठिपके.
हात जोडले. वर पाहिलं. ओठ हलले,
दोन शब्द, फार तर तीन.
"दिसतंय का" असावं.
किंवा दुसरं काही, दुसऱ्या कुणाला.

मी मोठ्यानं म्हणालो, हो.

शेजारच्या खुर्चीतल्या बिनॉयनं दचकून
सहाही पडदे तपासले.