चार पाचरी

वादी कबीरला आलो तेव्हा फोनवर आई म्हणाली,
"कबीराची वाडी? मगे बरी जागा आसतली."
म्हटलं, वादी म्हणजे कोरडी नदी, कबीर म्हणजे मोठी.
त्या मोठ्या कोरड्या नदीत, टायरवाल्यांच्या मागच्या गाळ्यात,
एक लेथ, सरसाचे दोन डबे
आणि छताच्या आकड्यांना ओळंब्यासारख्या लोंबणाऱ्या
एकोणीस काठ्या.

उभ्याच टांगायच्या. आडवी ठेवली की मेपल रात्रीत वाकडी.
बाहेर ऑगस्टची हवा ओल्या फडक्यासारखी,
आत एसी कोरडा ठणठणीत,
लाकडाला कळत नाही आपण कुठल्या गावचे.
म्हणून एका वेळी केसाएवढंच कातायचं
आणि महिनाभर हात लावायचा नाही.

खमीस म्हणजे गुरुवार.
खमीस बलूशी येतोही गुरुवारीच,
पाण्याचा टँकर रस्त्यावर तिरका लावून.
नवी काठी त्यानं दुबईहून आणली होती,
दहा फाका गोल चिकटवलेल्या, टोकाशी आतून पोकळ.
कडेला मारलं तरी चेंडू वाट सोडत नाही.
"नेम चांगला आहे, मिस्त्री," तो म्हणाला,
"पण हाताला काही कळत नाही.
बंद दारामागून कुणी बोलावं, तसं."

मग त्यानं जुनी काढली.
टँकरच्या दारात सापडून चिरलेली.
काळ्या एबनीची बोटं मेपलच्या बोटांत गुंतवलेली,
ना पेच, ना सळी,
अर्ध्यापासून खाली नुसतं लाकडात लाकूड.
"हिला पहिल्यासारखी कर."

स्टीलची सळी घातली तर परवा देतो, मी म्हटलं.
ठोका कडक येईल, घणाघाती,
बऱ्याच जणांना तो आवडतो.
त्यानं मान हलवली.
मग रमजान उजाडेल, म्हटलं.
"उजाडू दे."

आमचे बाबा आचऱ्याच्या खाडीवर वल्ही करायचे,
उंडीच्या एका सलग दांड्यातून.
"सांधलेलां वल्हां पाण्याक बहिरां," म्हणायचे.
मी कितीतरी वर्षं ते खरं धरून चाललो.
पण बहिरेपण सांध्यात नसतं, बाबा.
पाचर आखूड असेल तर असतं.
सरस जाड लागला तर असतं, कानात कापूस घातल्यासारखं.
लांब, निमुळत्या चार पाचरी
एकमेकींत अशा बसल्या की मध्ये कागद जाऊ नये,
तर धक्का एका लाकडातून दुसऱ्यात जातो
आणि त्याला शीव लागत नाही.
हे सांगायला मला उशीर झाला.
सांगितलं असतं तरी त्यांनी
आधी माझी करवत तपासली असती.

पहिली जोडी वाया गेली. दुसरी वर्षावलयं उलटी पडल्यामुळे गेली.
तिसरी दोरीनं आवळून ठेवली, वर ओली गोणी,
आणि रात्री दोनदा उठून बघितली,
म्हशीला वेत असल्यासारखी.

रमजानच्या सतराव्या रात्री खमीस आला.
रुवीच्या क्लबात, तरावीह संपल्यावर,
मालक शिहाबुद्दीननं त्याचे डोळे रुमालानं बांधले,
आणि तीन काठ्या हातात दिल्या, एकामागून एक.
तिन्ही ओळखल्या त्यानं. ताबडतोब.
माझ्या काठीवर थोडा थांबला.
पुन्हा मारला. पुन्हा.
"पहिलीसारखी नाही," म्हणाला.
मग बराच वेळ काही बोलला नाही,
खडू मात्र टोकाला घासत राहिला.

"तू मार."
मला खेळता येत नाही, म्हटलं.
सात वर्षं काठ्या करतो, आणि येत नाही.
"मार."

वाकलो. अंगठ्याच्या खाचेत ती थंड, गुळगुळीत.
ढकलली.
आणि मागच्या हातात, तळव्याच्या मांसल भागात,
तो आला, बारीक, गोल, पूर्ण,
वल्हं पाण्यात टेकतं आणि पाणी उलट धरतं, तसा.
वाळूवर नाही, चिखलावर नाही,
खाडी खोल झाली की लागतं ते पाणी.

चेंडू कुठं गेला ते मी बघितलंच नाही.
"पांढरा आत गेला," खमीस म्हणाला. "फाउल."