हजेरीचा प्रोग्राम

तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन बिश्केकहून परतले
तर फळ्यावर माझं नाव आधीच लागलेलं:
बुरुलकान एजे, भौतिकशास्त्र.
आणि खाली, वेगळ्या खडूने, घाईत: संगणक.

अकरा यंत्रं, एकोणीस मुलं.
एक कीबोर्ड जर्मनीहून दान आलेला,
त्याच्यावर झेडच्या जागी वाय बसतो आणि वायच्या जागी झेड,
त्याच्यापुढे बसणारी झरगुल
आता वहीतसुद्धा अडखळते.
कोपऱ्यात कोळशाची शेगडी. डिसेंबरात
मुलं हातमोज्यांची बोटं कापून टाइप करतात,
आणि सुट्टीच्या दिवशी मी
यंत्रांच्या पंख्यांतली राख ब्रशने काढते,
जुन्या दात घासायच्या.

पहिल्याच तासाला सांगितलं, यादी शून्यापासून मोजायची.
दास्तान उठला. त्याचे वडील घोडे पळवतात.
म्हणाला, एजे, शर्यतीत शून्यावा कोण येतो?
वर्ग हसला. मीही हसले,
कारण बिश्केकमध्ये हेच विचारायचं
माझ्या मनात होतं, आणि धीर झाला नव्हता.

मग हजेरीचा प्रोग्राम दिला.
नावांची एक यादी, गुणांची दुसरी,
दोघींत सोयरीक फक्त क्रमांकाची.
यंत्र एकेक नाव विचारतं: हजर?
तुम्ही सांगायचं. एवढंच.
ऐझिरेकचा सगळ्यांत आधी चालला.

नोव्हेंबरात एल्दियार गेला.
आई येकातेरिनबुर्गला धुलाईच्या कारखान्यात होतीच,
तिथे खोली मिळाली, त्याला बोलावून घेतलं.
जाताना यंत्रावर फाइल ठेवून गेला,
तिचं नाव ‘शेवटची’,
आणि शेजारी आणखी एक: ‘शेवटची खरी’.
दोन्ही चालत नाहीत. कुठेतरी
एक कंस उघडून तसाच राहिलाय.

महिनाभर यंत्र रोज विचारत राहिलं,
एल्दियार हजर?
आणि कुणीतरी, पाळी ठरलेली नसताना, ‘नाही’ दाबायचं.
हेडमास्तर एकदा खिडकीतून डोकावले, म्हणाले,
गेलेल्या पोराचे खाडे कसले मांडता? नाव काढून टाका.

काढलं. एक ओळ,
मीच पुसली, ऐझिरेकच्या खांद्यावरून हात घालून.

आणि त्याच्यामागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले.
दास्तानला एल्दियारचे पाच मिळाले,
कानिकेयला दास्तानचे दोन,
ती रडायच्या बेतात,
आणि यादीच्या टोकाला झरगुलचे चार गुण
कुणाच्याच नावावर नाहीत, उघड्यावर पडलेले.
दास्तान म्हणाला, राहू द्या ना एजे,
यंत्र कधी चुकतं का?

यंत्र चुकलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं.
हे वाक्य मी प्रशिक्षणात वहीत उतरवून घेतलं होतं,
अधोरेखित करून.
तेव्हा ते यंत्राबद्दल वाटलं होतं.

ऐझिरेक काही बोलली नाही.
तिनं ती जागा परत आणली,
नाव नाही, गुण नाहीत, नुसती जागा,
आणि यंत्राला सांगितलं, इथे कुणाला विचारू नकोस,
पण मोज.
आता हजेरी घेताना पडद्यावर
मध्येच एक ओळ कोरी येते
आणि पुढे जाते.
हेडमास्तरांनी विचारलं तर
सांगायला तांत्रिक कारण आहे माझ्याकडे.

काल रात्री एल्दियारचा निरोप आला.
नवी शाळा मोठी आहे, शेगडी नाही,
भिंतीतून गरम पाण्याचे नळ जातात.
प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र.
भाषा जड जाते, पण कोडची तीच आहे.
हजेरीत माझं नाव सगळ्यांत शेवटी घातलंय, एजे,
एकतिसावा.

थोड्या वेळाने दुसरी ओळ आली:
म्हणजे तिसावा.